बिनसाखरेचा चहा

स्कॅनच्या चित्रात माझ्या बायकोच्या, शोभाच्या, स्तनातली गाठ निखाऱ्यासारखी पेटलेली दिसली. स्कॅनआधी सुईतून दिलेली साखर त्या गाठीनेच अधाशासारखी ओढून घेतली होती. ते ऐकल्यापासून मी तिच्या चहातली साखर बंद केली, पानातलं श्रीखंडसुद्धा उचललं. आज डॉक्टर म्हणाले, “गाठ रक्तातून हवं ते मिळवतेच हो. उपाशी तुम्ही यांना ठेवलंत.”

रोग आपल्या हाती लागत नाही, म्हणून आपण हाताशी असलेल्या आजारी माणसावर हुकूम चालवतो आणि त्याला काळजी म्हणतो.

घरी येऊन मी तिच्या चहात दोन चमचे साखर घातली. केमोमुळे तिच्या तोंडाची चव गेली आहे. घोट घेऊन ती म्हणाली, “अहो, डॉक्टर एवढं बोलले, तरी बिनसाखरेचाच दिलात?”