नव्या मशीनची चौकशी करणारा

नरडाण्याच्या स्टेशनवर रोज संध्याकाळी एक म्हातारा माझ्या शेजारी बसायचा. नखांत ग्रीस, आणि बोलताना तळहात बाकावर ठेवायचा, जणू खाली काही चालू आहे. प्रश्न एकच, "भाऊ, नवीन मशीन कोनी मांगाडं का?"

मला तो दुसऱ्या मिलचा हेर वाटला. आमच्या मिलसाठी आणखी एक मशीन मागवावं, अशी शिफारस मीच शेठना लिहून दिली होती. घरातला पहिला पदवीधर मी, तोही अर्थशास्त्राचा. माझ्या शब्दावर ऑर्डर जाणार होती.

एकदा सरळ विचारलं, "आबा, तुम्हाला पाठवलं कोणी?"

तो हसला. "कोनी नही. मी मशीन बसाडस. तेजी दखीसन बठ्ठा एकदमच मांगाडतस. बसाडाले वरीस जास. मंग बठ्ठास्ना माल एकदमच येस, आनि भाव पडी जास."

घरी जाऊन कॉलेजचं पुस्तक काढलं. तेजी पाहून सगळे एकदम मशीन मागवतात, वर्षाने सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो, हेच सांगून गेलेल्या एका अर्थशास्त्रज्ञाचं नाव तळटिपेत होतं. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते वाचलंच नव्हतं.

सकाळी शिफारस परत मागितली. शेठ रोखून पाहत म्हणाले, "कोणत्या मिलवाल्याने फोडलं रे तुला?"