तालीम चालूच राहिली

ग्रंथालयात त्याला सगळे कुलूपराव म्हणायचे. तळघराच्या दाराला कुलूप लावलं की तो ते ओढून बघायचा, दोन पावलं जाऊन परत यायचा आणि पुन्हा ओढायचा. "अहो, एक दिवस कडीच हातात येईल तुमच्या!" ग्रंथालयाच्या मॅडम वरून ओरडायच्या. तो कसनुसा हसायचा आणि तिसऱ्यांदा ओढायचा.

हे ग्रंथालय कानांचं होतं. ज्यांना दिसत नाही अशी माणसं इथे फोन लावायची, पुस्तक निवडायची आणि ऐकत पडायची. पलीकडून वाचणारा आवाज बहुतेक वेळा कुलूपरावच्या ताईचा असायचा. तळघरातल्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. तिथे बसून ताई वाचायची आणि काचेपलीकडे तो रेकॉर्डिंग सांभाळायचा. पान सळसळलं की तो बोट वर करायचा. ती त्याला जीभ दाखवायची आणि ते वाक्य पुन्हा वाचायची, पहिल्यापेक्षा चांगलं.

मग ताईच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर जीव राहिला, आवाज गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने फोनवर टाइप करून स्क्रीन त्याच्यासमोर धरली: "तोंड पाडून बसू नकोस रे. माझा आवाज तुझ्याकडे ठेवलाय ना? मग झालं तर."

त्या एका वाक्यावर तो पुढे दिवस काढत होता.

आवाज त्याच्याकडे होता, तो एका स्क्रिप्टच्या, म्हणजे त्याने संगणकासाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामच्या भरवशावर. रेकॉर्डिंगची फाइल मुख्य डिस्कवर आली की तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर करायची, एवढंच त्या स्क्रिप्टचं काम. पण लिहिणारा कुलूपराव! त्याने तिच्यात तालमीची सोय केली. तालीम म्हणजे स्क्रिप्टने सगळं केल्यासारखं दाखवायचं, प्रत्यक्षात कशाला हात लावायचा नाही. चुकून काही पुसलं जायला नको म्हणून. खरं काम करायचं असेल तर आज्ञेच्या शेवटी 'खरोखर' असा पर्याय टाइप करायचा. ताईने तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल केली होती. "तू तर लग्नातसुद्धा आधी हार घालून बघशील, नवरीशिवाय!"

पहिल्या दिवशी परीक्षा घ्यायला काहीतरी हवं म्हणून ताईने हाताला लागलेली धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका वाचली. 'खरोखर' टाइप केलं, नक्कल झाली, त्याने ती उघडून ऐकलीसुद्धा. चोख.

दुसऱ्याच दिवशी, नवं काही वाचायच्या आधीच, मॅडमना आणि इतरांना लांबलचक आज्ञा जमेनात, म्हणून त्याने सेटिंगची वेगळी फाइल केली. डिस्क कोणती, फोल्डर कोणता, सगळं तिच्यात. आणि कुणी भलतंच बटण दाबलं तर नुकसान नको म्हणून त्याच फाइलमध्ये लिहिलं: तालीम, हो.

अशा कामाचा एक साधा शिरस्ता असतो. सगळ्यात खाली स्क्रिप्टने स्वतः धरून चाललेल्या गोष्टी, त्यांच्यावर सेटिंगची फाइल, आणि सगळ्यांच्या वर माणसाने आत्ता, या क्षणी टाइप केलेला पर्याय. समोर उभ्या माणसाचा शब्द शेवटचा. त्यासाठी फाइल आधी वाचायची आणि टाइप केलेलं नंतर, कारण नंतर वाचलेलं आधीच्यावर मात करतं. कुलूपरावने फाइल वाचायची ओळ घाईत खाली घातली. म्हणजे तो रोज 'खरोखर' सांगायचा, स्क्रिप्ट ते ऐकून घ्यायची, मग सेटिंगची फाइल उघडायची आणि तिथलं 'तालीम, हो' वाचून त्याचं म्हणणं बाजूला सारायची.

तरी पडद्यावर 'नक्कल झाली' असंच यायचं. तालीम हुबेहूब हवी म्हणून तालमीचा आणि खऱ्या कामाचा संदेश त्याने मुद्दाम सारखा ठेवला होता. तो संदेश डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रेकॉर्डरमधलं मूळ रेकॉर्डिंगचं कार्ड तो कुणाला पुसू द्यायचा नाही. "आधी दाखवा," म्हणायचा. लोक दाखवायचे. मग कार्ड पुसलं जायचं.

एका सकाळी मुख्य डिस्क खरखरली आणि बंद पडली. मॅडमचा चेहरा पांढराफटक. "अहो, आता काय हो करायचं?"

"काही नाही करायचं. दुसरी आहे ना," तो म्हणाला. त्याला खरं तर थोडं बरंच वाटलं. इतकी वर्षं ज्या दिवसासाठी काळजी केली, तो दिवस आला होता.

दुसऱ्या डिस्कवर एकच फाइल होती. धुण्याचं यंत्र.

त्याला वाटलं, चुकीची डिस्क जोडली. काढली, पुन्हा जोडली. मग स्क्रिप्ट उघडली आणि ओळीमागून ओळ वाचत गेला. ती ओळ दिसल्यावर तो खुर्चीत मागे टेकला. दुरुस्तीवाल्याने मेलेली डिस्क उघडून पाहिली आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

ओळ वर न्यायला क्षणसुद्धा लागला नाही. त्याने ती नेली. आता स्क्रिप्ट त्याचं ऐकत होती.

घरी ताई खिडकीपाशी शेंगा सोलत बसली होती. "ताई, तुझं एक रेकॉर्डिंग आणलंय," एवढंच त्याला जमलं. त्याने ते लावलं.

"यंत्र सुरू करण्यापूर्वी झाकण घट्ट बसलं आहे ना, ते पुन्हा एकदा पाहा," खोलीत ताईचा आवाज म्हणाला. भरदार, मिश्कील, वाक्याच्या शेवटी हसू दाबलेला. ताईचे खांदे गदगदा हलायला लागले. ती हसत होती, आवाजाशिवाय. डोळे पुसून तिने टाइप केलं: "काय मेलं निवडलंस! आता एखादी गोष्ट लाव."

"गोष्ट नाही, ताई."

तिने भुवया उंचावल्या.

"एवढंच आहे. बाकी सगळं गेलं." मग त्याने सगळं सांगितलं: तालीम, सेटिंगची फाइल, ती खाली पडलेली ओळ. ती ऐकत राहिली. मांडीवरची ताटली कलंडून शेंगा खाली सांडल्या, तिने उचलल्या नाहीत. तिने फोन हातात घेतला.

"कुलूप रोज तीनदा ओढतोस. पहिल्या दिवसानंतर नक्कल एकदाही लावून ऐकली नाहीस?"

"आधी वाटलं, कशाला? तू होतीस ना समोर," तो म्हणाला. "आणि नंतर... ऐकवत नव्हतं गं."

ताईचा अंगठा स्क्रीनवर गेला, काही अक्षरं उमटली. तिने ती पुसली. मग फोन पालथा करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

तो वाट बघत बसला. शेंगा गोळा करून ताटलीत भरल्या, ताटली तिच्यासमोर ठेवली, पुन्हा बसला. बाहेर अंधारून आलं. तिने फोन उचलला नाही.