फ्रेमसाठी एक फोटो

आज सकाळी मुलुंडच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये कैलासपतीच्या फुलांचे फोटो काढत होते. बाकावरचे एक काका म्हणाले, "बाळा, माझा एक काढशील? मागे झाडबिड नको."

"बागेत येऊन झाड नको?"

"फ्रेमसाठी हवाय गं, हार घालायच्या. आमची ही गेली तेव्हा भाचीच्या लग्नातला ग्रुप फोटो कापावा लागला. अजून तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. मुलाला हा ताप नको."

पासपोर्टचा फोटो असावा तसं बोलले. मीही तसाच काढला. पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं, कॉलर सरळ करायला सांगितली.

"हसू का?"

"थोडंसं."

मला काहीच वाटलं नाही. मी फक्त उजेड बघत होते. फोटो पाठवला. "झकास आलाय," म्हणाले आणि चालायला गेले.

घरी येऊन फोन चाळला. पानाफुलांचे फोटो संपता संपेनात. आईचा एकटीचा एकच सापडला. त्यातही ती "माझा नको गं" म्हणत चेहऱ्यासमोर हात धरून आहे.

आई आत्ता स्वयंपाकघरात आहे. कॅमेरा उघडलेला फोन माझ्या मांडीवर आहे आणि मला उठवत नाहीये.

तुम्ही काढलाय का घरच्यांचा असा फोटो? काय सांगून काढलात?