भंगारवाल्याच्या रिक्षातून मतदानाची खबर

आज सकाळी तांड्यावर भंगारवाल्याच्या रिक्षाचा भोंगा वाजला. आमी बाया फुटक्या बादल्या, गंजके पत्रे घेऊन बाहेर आलो.

भोंग्यातून मात्र वेगळंच ऐकू आलं. मतदान केंद्र बदललंय, आता गावात न जाता तांड्याच्या शाळेतच मत द्यायचं.

सासूबाईंनी रिक्षावाल्याला विचारलं, "भंगार घेत न्हाई का?"

"आज पंचायतीचं भाडं हाय, मावशी."

"मग आलोच हाओत तर परत एकदा सांग, बाबा."

मागच्या निवडणुकीतही केंद्र बदललं होतं. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर होती, तांड्यातून तिकडं कोण जातं? सासूबाई चुकीच्या शाळेवरून मत न देताच परत आल्या होत्या.

आज बादली उचलत त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या टायमालाबी ह्यालाच धाडा म्हणावं."

तुमच्याकडं ही खबर फळ्यावर येते का दारावर?