मुन्शी मास्तरांची सनद

मुन्शी मास्तर हजेरी शेवटच्या नावापासून घ्यायचे. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेला माणूस. वही उजव्या अंगानं उघडायची सवय हाताला लागलेली, ती राज्य गेलं तरी सुटली नाही. त्यामुळं आमच्या शाळेत पहिला नंबर असणं ही शिक्षाच होती. पहिल्या नंबरच्या अंबूचं नाव येईपर्यंत शेवटचे दोघंतिघं 'हजर' म्हणून पाणी प्यायला निघूनही गेलेले असत.

शाळा उस्मानाबादेतल्या चुनाभट्टीच्या वस्तीत. दोन खोल्या, वर पत्रे, इयत्ता सहा आणि मास्तर एकटे. तिसरीचे पाढे आणि सहावीचा भूगोल एकाच वेळी चालायचा, त्यामुळं मला आजही गोदावरी आठवली की सतराचा पाढा आठवतो. मास्तर मूळचे तेर गावाकडचे, धनगराच्या घरातले. त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत वस्तीतलं कुणी पडलं नाही.

वर्गातल्या खुंटीला पत्र्याचं एक नळकांडं लटकलेलं असे. त्यात मास्तरांची सनद होती, हैदराबादेत मास्तरकीची परीक्षा देऊन मिळवलेली, उर्दूतली. पण राज्य बदललं, नवी कचेरी आली आणि कचेरीला सनद मराठीत हवी झाली. भाषांतर करायचं तेही कचेरीच्या यादीतल्या माणसानंच. यादीत नावं चार. त्यातले एक वारले, एक पेन्शनीत गेले, एक लेकाकडं हैदराबादला गेले, आणि चौथे मुन्शी मास्तर. आता स्वतःच्या कागदाचं भाषांतर स्वतः करायचं नाही, असाही एक नियम होता. गावात उर्दू वाचणारे पायलीला पन्नास, चौकातला पानवालासुद्धा घडाघडा वाचायचा. पण त्याचं नाव यादीत नव्हतं. म्हणून कचेरीच्या लेखी मास्तर 'अनट्रेंड'. यावर त्यांचं ठरलेलं बोलणं असे, "सनद खरी हाय, म्या बी खरा हाय. यादीवर सायबाची सही हाय, म्हणून ती आमच्या दोघांपेक्षा खरी."

आठवड्यातून एकदा तरी कचेरीचा शिपाई सायकलवर यायचा, आणि मास्तर वर्ग आमच्या हवाली करून उर्दू कागद वाचायला जायचे. त्यात बऱ्याचदा दुसऱ्या मास्तरांच्या सनदा असत. मास्तर त्यांचं मराठी करून देत, ते लोक ट्रेंड होत, आणि ट्रेंड झाला की माणूस कचेरीजवळच्या मोठ्या शाळेत जाई. आमच्याकडं नेमलेले दोघं असेच मास्तरांच्याच हातानं ट्रेंड होऊन गेले. एकानं जाताना तुळजापूरचे पेढे वाटले. मोठ्या शाळेत म्हणे इतके ट्रेंड मास्तर साठले होते, की एकाकडं फक्त घंटेचं काम होतं. माझे वडील म्हणायचे, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. पेढे वाटले त्या दिवशीही म्हणाले, तर मास्तरांनी हसून एक पेढा त्यांच्यापुढं केला.

मी सहावीत होते तेव्हा कचेरीचं पत्र आलं. तपासणीच्या वेळी शाळेत ट्रेंड शिक्षक दिसला तर पुढच्या वर्षी सातवी मिळेल, नाहीतर नाही. माझ्यासाठी हा जिवाचा प्रश्न होता. मोठी शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बाजार ओलांडून पोरीला एवढ्या लांब पाठवणार नाही, हे आईनं आधीच सांगून टाकलं होतं.

त्या दिवाळीपासून मास्तरांनी मला उर्दू शिकवायला घेतली. शाळा सुटल्यावर रोज तासभर. पुस्तक एकच, ती सनद. एखादं अक्षर चुकलं की ते पट्टी उचलत नसत, नुसतं डोळे मिटून बसत, आणि मला रडू यायचं.

तपासणीला आलेले साहेब पुण्याकडचे, उर्दूचा गंध नसलेले. मास्तरांनी मला उभं केलं. मी सनद आधी उर्दूत वाचली, मग मराठीत सांगितली, नावासकट, मोहरेसकट, कुठंही न अडखळता. चुनाभट्टीतली परकरातली पोर असं वाचतेय म्हटल्यावर साहेब इतके खूश झाले, की त्यांनी सगळं शेरेबुकात जसंच्या तसं उतरवलं आणि खाली सही ठोकली. झालं! सनद मराठीत आली आणि साहेबाच्या सहीनं आली. यादीची गरजच उरली नाही. त्या दिवशी वस्तीनं मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

महिन्याभरात मास्तर ट्रेंड झाल्याचा हुकूम आला. त्याच पाकिटात दुसरा कागद होता, मोठ्या शाळेत बदलीचा. ट्रेंड शिक्षक जिथं सातवी आहे तिथंच द्यायचा, आणि आमच्याकडं सातवी नव्हती. सातवी का नव्हती, तर आमच्याकडं ट्रेंड शिक्षक नव्हता. मास्तर तीनदा कचेरीत जाऊन आले. मला पुन्हा अनट्रेंड करा, असा अर्जही त्यांनी दिला. साहेबाची सही खोडता येत नाही, असं उत्तर मिळालं.

मग ते आमच्या घरी आले. पोरीला माझ्यासंगं पाठवा, जाताना मी नेईन, येताना मी आणून सोडीन, म्हणाले. आईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि सांगितलं, "मास्तर, तुमच्यावर इस्वास हाय. बाजारावर न्हाय." मास्तरांनी चहा संपवला आणि चपला घातल्या. माझी शाळा तिथंच संपली.

आयुष्यात मी दुसरं काही इतकं चोख केलं नाही. त्या वाचनाचा मला अजून अभिमान आहे आणि अजून त्याचाच राग येतो. मास्तर मोठ्या शाळेत जायला निघाले त्या दिवशी मी दारात उभी होते. नळकांडं काखेत मारून ते थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लई चांगलं वाचलंस, कमल. एखाद्या शब्दाला तरी चुकायचं होतंस गं."