कोरं बोट

मी लातूरच्या कोर्टात एका वकिलाकडे कारकून आहे. जिल्ह्यातल्या एका गावी नगराध्यक्षाच्या निवडणुकीत दोघांना अगदी सारखी मतं पडली. चिठ्ठी काढून एकाला अध्यक्ष केलं, तर दुसरा कोर्टात आला. तेव्हापासून दर तारखेला दोन्हीकडचे लोक जीप भरभरून येतात आणि एकमेकांवर डोळे वटारतात.

एक वयस्कर माणूस मात्र एकटाच, एसटीनं यायचा. बाकावर बसायचा, उठून दारातून आत डोकावायचा, परत बसायचा आणि डाव्या हाताचं बोट सदऱ्याला सारखं पुसत राहायचा. बोटाला काही लागलेलं नसे. दोन्ही गटांना तो समोरच्याचा माणूस वाटे. त्याची चुळबुळ बघून माझं डोकं फिरायचं. परवा पुन्हा नुसती तारीखच पडली, तेव्हा मी विचारलंच, "काका, तुम्ही नेमके कोणाकडून?"

"कोणाकडूनच न्हाई. तिथंच तर चुकलं," तो म्हणाला. "रांग लई मोठी व्हती. मत न टाकताच घरी गेलो." मग ते शाई न लागलेलं बोट माझ्यापुढे धरून त्यानं हळूच विचारलं, "सायेब, माझं एक मत ऱ्हायलंय. आता घेतील का?"