ओढ्यापलीकडची आण

फॉर्मचा अख्खा गठ्ठा भरून झाला होता आणि माझ्या कागदांप्रमाणे त्या गावात कुणीही दारू पीत नव्हतं.

एकसुद्धा माणूस नाही! आणि मी ज्यांना विचारत होते ते सगळे दारूबंदीच्या केसमध्ये आत जाऊन आलेले. म्हणून तर त्यांना निवडलं होतं! एसटीतून उतरलं की सडलेल्या गुळाचा वास थेट डोक्यात जायचा, आणि फॉर्मवर मात्र ओळीनं उत्तर एकच: "कधीच नाही."

आमच्या डॉक्टरांनी साताऱ्याच्या ऑफिसात तो गठ्ठा चाळला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अभिनंदन बाई," ते म्हणाले. "मला वीस वर्षांत जमलं नाही ते तुम्ही पंधरा दिवसांत केलंत. रोगच संपवलात!"

मला वाटलं, गेली नोकरी.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. खेड्यातल्या माणसाची दारू कशानं सुटते, त्यातही जो एकदा कोर्टातून, जेलमधून फिरून आलाय त्याची कशानं सुटते, हे आम्ही शोधत होतो. ह्याला रिसर्च म्हणतात. मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे दारोदार जाऊन विचारणारी. खरं तर मला घेतलं ते टायपिंगच्या स्पीडवर! सांगलीच्या टायपिंग क्लासात माझ्याइतकं भरभर कुणीच मारत नव्हतं. घरी आईनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "दारुड्यांची घरं फिरणाऱ्या पोरीला बघायला कोण येणार गं?" कुणी आलं नाही. बरंच झालं, कामाला वेळ मिळाला.

औंधजवळच्या त्या गावात (नाव सांगणार नाही, माणसांचीही नावं बदललीत) सरकारी दवाखान्याची एक खोली दर गुरुवारी आम्हाला मिळायची. डॉक्टर यायचे, हातपाय थरथरायचे थांबायला औषध द्यायचे, इंजेक्शन द्यायचे आणि मुख्य म्हणजे बसून बोलायचे. खोलीत पेशंट एकच. तोही कोर्टानं पाठवलेला.

गणपत हवालदार. फौजेतून रिटायर, मिशा टोकदार, आणि उभा राहिला की झेंड्याची काठी! विनापरमिट प्यायला म्हणून दुसऱ्यांदा पकडला होता. मॅजिस्ट्रेटनी त्याला प्रोबेशनवर सोडलं. म्हणजे असं, की वर्षभर नीट वागायचं, उपचार घ्यायचे, तसं बाँडवर लिहून द्यायचं. मध्ये पुन्हा प्यायचं कळलं तर सरळ आत.

आता बघा गंमत. तो "प्यालो" म्हणाला तर जेल. "प्यालो नाही" म्हणाला तर डॉक्टर औषध कशाचं देणार?

डॉक्टर विचारायचे, "कसं काय हवालदार?"

हवालदार म्हणायचा, "एकदम फिट, साब!" आणि हात मांडीखाली दाबून बसायचा. थरथर दिसू नये म्हणून.

माझी चूक मला तवर कळलीच नव्हती. पहिल्याच दिवशी मी ऐटीत तहसीलची जीप मागून घेऊन गावात शिरले होते. जीप बघून अर्ध्या गावानं आपापली भांडी ओढ्यात पालथी केली म्हणे. त्या दिवशी ओढ्याकाठची म्हसरं लय खुशीत होती, असं मला पुढं कळलं. आणि त्याच जीपमधून उतरून मी विचारत होते, "शेवटची दारू कधी घेतलीत?" कोण सांगेल हो?

मग एक दिवस मी चालत गेले. हवालदाराच्या घरी. तो नव्हता. त्याची बायको पारूबाई ज्वारी पाखडत होती.

"बसा बाई. लगीन झालंय का?"

"नाही."

"मग फिरा की निवांत," म्हणून तिनं चहा ठेवला. तेवढ्यात हवालदार दारात आला. चाल सरळ, पण जरा जास्तच सरळ. पारूबाईनं सूप खाली आपटलं.

"आलं! यमाईची आण घिऊन म्हैना न्हाई झाला, अन् वढा वलांडून आलं!"

"हळू बोल. बाई बसल्यात."

"बसू द्यात! त्यास्नी बी कळू द्या हवालदाराचा पराक्रम!"

मी विचारलं, "ओढा ओलांडला म्हणजे?"

पारूबाई माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी सूर्य कुठं उगवतो ते विचारलंय.

"आवं बाई, आमच्यात देवीची आण घेत्यात, पिणार न्हाई म्हणून. पर ती आण गावाच्या शिवंपतूर. शीव म्हंजी वढा. वढ्याच्या पल्याड आण लागत न्हाई म्हनं! मग ही शाणी मानसं पल्याडच्या गावाला जात्यात."

"आणि पलीकडच्या गावातले?"

"ती हिकडं येत्यात की!"

मी चहा तसाच ठेवून उठले. पळालेच! एसटी मिळाली, साताऱ्यात उतरले, ऑफिसचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

"डॉक्टर, प्रश्न चुकलाय! माणसं खोटारडी नाहीत, प्रश्नच चुकलाय!"

डॉक्टर डबा खात होते. त्यांचं जेवण होईस्तोवर मी नवा फॉर्म टाइप केला, तीन कार्बन घालून. दारू हा शब्दच त्यात नव्हता. आण कधी घेतली? कुठवरची घेतली? ओढा कितीदा ओलांडला? त्या दिवशी काय झालं होतं?

डॉक्टरांनी वाचला. परत वाचला. म्हणाले, "ह्यातलं एक अक्षर बदलू नका."

आणि काय सांगू! पुढच्या खेपेला लोक चावडीवर माझ्याभोवती बसले. आण घेणं हा काही गुन्हा नाही ना! उलट मानाची गोष्ट. "माझी आधी लिवा!" "तू गप रं, तुझी आण येका दिसाची, तिला काय कागद लागतोय व्हय?" एका म्हाताऱ्यानं तर जवानीपासूनच्या सगळ्या आणा सांगितल्या. माझी पेन्सिल झिजली. आणि "काय झालं होतं त्या दिवशी?" ह्याला जी उत्तरं आली! भावानं बांध कोरला. लेक सासरहून परत आली. झोपच लागंना. हे पहिल्या फॉर्मात कुठं सापडलं असतं?

हवालदार सगळ्यात शेवटी आला. हळूच म्हणाला, "माझं दोनदा लिवा बाई. दोन्ही बारीला हात लय थरथरत हुते. थांबतच न्हवते." मी लिहिलं. त्यानं खाली सही केली, फौजेतल्यासारखी, तारखेसकट.

नेमकी तेव्हाच फटफटी वाजली. फौजदार!

नवीन बदलून आलेला, कडक. सरळ माझ्यापुढं हात केला. "सर्व्हे करताय म्हणे. पिणाऱ्यांची यादी आयतीच झाली. आणा इकडं."

"साहेब, नावं गुप्त ठेवायचं आम्ही कबूल केलंय."

"मी काय गावभर वाचून दाखवतोय?" म्हणत त्यानं गठ्ठा उचलला. वर हवालदाराचाच कागद. मीच लिहून घेतलेलं, मीच सही घेतलेली! हवालदार अटेन्शनमध्ये उभा. दारात पारूबाई, पदर तोंडाशी.

फौजदारानं वाचलं. "आण घेतली, यमाईची. ओढा ओलांडला, दोनदा." मान वर केली. हवालदाराकडं बघितलं. त्याच्या हातांकडं बघितलं.

"मला ओढ्याचं शिकवू नका," तो म्हणाला. "मी पल्याडच्याच गावचा."

मी विचार न करता बोलून गेले, "मग साहेब, करा पंचनामा. ओढा ओलांडणं कुठल्या कलमात बसतं?"

तो माझ्याकडं वळला. मग मिशीतल्या मिशीत हसला, आणि गठ्ठा माझ्या हातात परत ठेवला.

"दवाखाना गुरुवारी किती वाजता?"

"दहाला."

"एक कोरा फॉर्म द्या. आमच्या सासऱ्यांना." मग फटफटीकडं वळत, "त्यांना ओढ्याच्या ह्या बाजूला यायची सवय आहेच."

चावडी अशी हसली की कुत्री भुंकायला लागली!

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांच्या हातात हवालदाराचा कागद होता. त्यांनी दारूबद्दल विचारलंच नाही. म्हणाले, "हवालदार, हात बघू." हवालदारानं मांडीखालचे हात काढून टेबलावर ठेवले. पहिल्यांदाच. बाकावर फौजदाराचे सासरे बसले होते, आणि त्यांच्यामागं दारापर्यंत रांग.

वर्षभरात हवालदारानं आणखी एकदा ओढा ओलांडला. दुसऱ्या दिवशी गुरुवार नसतानाही स्वतःहून एसटीनं साताऱ्याला आला, सांगायला. त्यानंतर नाही. बाँडची मुदत संपली त्या दिवशी पारूबाईनं ऑफिसात शेंगदाण्याची चटणी पाठवली, डॉक्टरांना वाटीभर आणि मला डबाभर.

आमचा रिपोर्ट मीच टाइप केला. त्यात काय काय लिहिलंय ते सोडा, मी त्यातून एवढंच शिकले: प्रश्न विचारायच्या आधी बघावं, उत्तर देणाऱ्याला त्याचे जेलचे किती महिने पडतात. आणि जीप मागू नये.